बंद गाडीतला पंखा

एखादं गिऱ्हाईक आपल्या गाडीचं रडगाणं गायला लागलं की देवराव लोणारे त्याला मध्येच तोडायचा. "तुम्ही नोका सांगू. गाडी सांगते ना." मग बोनेट उघडायचं, टेस्टिंगच्या बल्बची दोन टोकं हातात घ्यायची आणि पाऊण तास तोंडातून शब्द काढायचा नाही. गिऱ्हाईक बिचारं उन्हात या पायावरून त्या पायावर. कुणी फारच घाई केली तर म्हणायचा, "बाजूच्या दुकानात बसा. तिथं बोलनारा मानूस हाये." बाजूचं दुकान माझं होतं.

लकडगंजात आमची दुकानं भिंतीला भिंत लावून. त्याचं गाड्यांच्या वायरिंगचं, माझं रेडिएटर दुरुस्तीचं. मी मूळचा उमरेडचा, विणकराच्या घरचा. मागावर बसून पाठ दुखायला लागली म्हणून नागपुरात येऊन फुटक्या रेडिएटरला कथलाचा डाग द्यायला शिकलो, तर इथं वाकून वाकून कंबर गेली. माझं तोंड दिवसभर चालायचं, त्याचं फक्त चहापुरतं उघडायचं. तरी इतकी वर्षं आमचं जमलं. दोघंही बोलके असतो तर एकमेकांची डोकी फोडली असती.

"मानूस झूठ बोलते मधुकरराव, वायर नाही बोलत," हे त्याचं ब्रह्मवाक्य. ब्रह्मवाक्य हा शब्द त्याला खपायचा नाही, म्हणून मी मुद्दाम वापरायचो. छप्पन साली वीस वर्षांचा देवराव पांढरे कपडे घालून बापाबरोबर दीक्षेला गेला होता. बाप गिरणीत होता. परत येताना तो पोराला एवढंच म्हणाला, आता कुणी सांगते म्हणून काही मानायचं नाही, आपल्या हातानं तपासायचं. दुसऱ्या कुणी हे बोलणं देवाधर्मापुरतं घेतलं असतं. देवरावनं ते बॅटरीला, डायनामोला आणि सेल्फलाही लावलं. तो जिथं काम शिकला त्या ट्रकच्या गॅरेजातला उस्ताद त्याला पाण्याच्या माठाला हात लावू द्यायचा नाही, पण ॲसिडची बरणी मात्र त्यालाच उचलायला लावायचा. ही गोष्ट देवराव हसत हसत सांगायचा. मला हसू यायचं नाही, माझं डोकं फिरायचं.

पंच्याऐंशीच्या सुमारास ती नवी छोटी गाडी नागपुरात दिसायला लागली. तोवर आम्हाला ठाऊक असलेल्या गाड्यांत रेडिएटरचा पंखा इंजिनाच्या पट्ट्यावर फिरायचा. इंजिन बंद की पंखा बंद. नव्या गाडीत पंख्याला स्वतःची मोटार होती आणि ती थेट बॅटरीवर चालायची. रेडिएटरच्या बुडाशी एक बटण होतं. पाणी फार तापलं की ते आपोआप जोडलं जायचं आणि पंखा सुरू व्हायचा. मालक किल्ली खिशात घालून घरात जाऊन जेवायला बसला तरी बाहेर पंखा आपला गरगरतोच आहे.

शहाऐंशीच्या मे महिन्यात यावरून गावभर गोंधळ उडाला. पारा सेहेचाळीसला टेकलेला, जो तो घाबरलेला. एका वकिलाच्या बायकोनं गाडीवरून लिंबू उतरवून टाकलं. आमच्या लायनीतले मेकॅनिक म्हणजे अर्ध्या हळकुंडानं पिवळे झालेले. कुणी पंख्याची वायरच कापून दिली, कुणी स्टिअरिंगखाली घरातलं लाईटचं बटण ठोकून दिलं. अशा गाड्या दोन-चार दिवसांत उकळून माझ्याकडे यायच्या. माझी ऐन उन्हाळ्यात दिवाळी चालली होती, खोटं कशाला सांगू.

देवराव मात्र पहिल्याच गाडीपाशी तीन तास बसला. पंखा कधी सुरू होतो, कधी थांबतो ते पाहिलं. बटणाची वायर काढून पाहिली, लावून पाहिली. शेवटी बटणच खोलून काढलं, पाण्याच्या पातेल्यात बुडवलं, खाली स्टोव्ह पेटवला आणि पाणी किती तापल्यावर आपला बल्ब लागतो ते पाहत राहिला. मग म्हणाला, "बिघाड नाही हा. गाडी थांबली का आतलं पानी अजून तापते, म्हनून हा चालते. गाडी तापली हाये अन पंखा चालून राह्यला, त चालू द्या. गाडी थंडी हाये अन तरी चालून राह्यला, त माझ्याकडं आना."

या दोन वाक्यांवर देवराव महिनाभर प्रसिद्ध झाला. धंतोलीतून, सदरमधून लोक विचारायला यायचे. पहिल्या दहा जणांच्या गाड्या त्यानं नीट तपासल्या. पुढच्या दहांच्या नुसत्या हात लावून पाहिल्या. त्यानंतर तो बसल्या जागेवरूनच सांगायला लागला, "गरम असन, चालू द्या." मी मनात म्हटलं, चला, महाराजांनाही हवा लागली. आणि खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. इतका सरळ माणूस शेजारी असला की आपल्याला जरा जड जातं.

आमच्याच रस्त्यावर ओमप्रकाश सेठांचा लाकडाचा डिपो होता. पुढं आरा मशीन, मागं बंगला, बंगल्याला लागून पत्र्याची शेड आणि शेडमध्ये ती नवी गाडी. सेठ वाईट माणूस नव्हते. उलट आपण न्यायानं वागतो याचा त्यांना फार अभिमान होता. एका गुरुवारी संध्याकाळी ते चालत देवरावकडे आले. आम्ही दोघं चहा पीत होतो.

"देवराव, आमच्या गाडीचा पंखा बंद गाडीत चालून राहिला."

"चालू द्या सेठ. इंजिन थंडं करून राह्यला तो."

"म्हणजे गाडी गरम असली तरच चालणार?"

"हो ना."

"आणि दिवसभर चालवलीच नाही तर?"

"चालवल्याशिवाय कशी गरम होईन? गाडी फिरली असन तरच पंखा फिरन."

"पक्का?"

"लिहून देऊ का?" देवराव हसला. सेठ हसले नाहीत. ते मान हलवून निघून गेले आणि देवरावनं उरलेला चहा बशीत ओतून घेतला.

सेठांनी जे सांगितलं नव्हतं ते असं. त्या दिवशी सकाळपासून गाडी शेडमध्येच उभी होती. दुपारी सेठ जेवून झोपले. चारला उठून शेडकडे आले तर पंखा गरगरतोय, आणि त्यांचा ड्रायव्हर धोंडबा घाम पुसत फाटकाकडून येतोय. तो नळावर पाणी प्यायला गेला होता. गाडीची किल्ली त्याच्या खिशात. आपण झोपलेले पाहून यानं गाडी भाड्यानं फिरवून आणली, असं सेठांच्या मनानं घेतलं. त्यांनी बोनेटला हात लावला तर चटका बसला. मे महिन्यात नागपुरात पत्र्याखाली उभ्या लोखंडाला चटका बसणार नाही तर काय गारवा लागणार? पण संशयाला तेवढंही पुरतं. मग किलोमीटरचं मीटर पाहिलं. आकडा सकाळचाच होता. त्यानं संशय फिटायला हवा होता, तर तो वाढला. मीटरची केबल काढून गाडी फिरवायची ही ड्रायव्हर लोकांची जुनी युक्ती सेठांना माहीत होती. आता राहिला फक्त पंखा, आणि त्याची खात्री करायला ते लकडगंजातल्या सगळ्यात खऱ्या माणसाकडे आले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी धोंडबा हातात पिशवी घेऊन आमच्या दुकानांसमोर उभा राहिला. चौदा वर्षं सेठांकडे होता तो, आधी ॲम्बेसेडरवर, मग या गाडीवर. कुहीच्या पुढच्या खेड्यातला, धानाची शेती असलेल्या घरचा. मी म्हटलं, "काहून गा धोंडबा, गावाकडं चालला?"

"सेठनं काढलं," तो म्हणाला, आणि काय झालं ते थोडक्यात सांगितलं. आवाज चढवला नाही. मग देवरावकडे वळून म्हणाला, "सेठ म्हने, देवराव लिहून द्याले तयार हाये. देवरावभाऊ, तुम्ही गाडी पाह्यली का?"

देवराव म्हणाला, "नाही."

"बरं," असं म्हणून धोंडबा बसथांब्याच्या दिशेनं चालायला लागला.

देवरावचं तोंड एवढंसं झालं. मी समजूत घालायला गेलो की, अरे, तू बोललास ते खरंच होतं. तो माझ्यावर उखडला. "गाड्याइबद्दल खरं होतं. ह्या गाडीबद्दल मले काय मालूम होतं? मानसाची भाकर गेली, मधुकरराव. नाव गेलं त्याचं. ह्या लायनीत बदनाम ड्रायव्हरले कोन गाडी देते?" आणि दुकानाचं फळकूट ओढून तो तडक सेठांकडे गेला. गाडीला उद्यापर्यंत कुणीही किल्ली लावायची नाही, एवढंच त्यानं मागितलं. सेठ म्हणाले, "देख लो. जो सच है वही निकलना चाहिए."

शनिवारी दुपारी देवरावनं मलाही बरोबर घेतलं, कारण त्या गाडीच्या रेडिएटरला माझा हात लागलेला होता. मार्चात डिपोतल्या हातगाडीवरून एक ओंडका घसरून रेडिएटरला चेप बसली होती. मी तो काढून, डाग देऊन परत बसवला होता. बारा वाजता आम्ही शेडमध्ये बसलो. पत्र्याखाली भट्टीच होती. देवरावनं ओला दुपट्टा डोक्याला गुंडाळला आणि गाडीकडे पाहत बसला. मी तासाभरात सगळे विषय संपवले. अडीच वाजून गेले आणि आमच्यापैकी कुणीही हात न लावता, कालपासून न चाललेल्या त्या गाडीत पंखा फिरायला लागला. मी दचकून उभा राहिलो.

देवराव सावकाश उठला. रेडिएटरच्या खालच्या नळीला त्यानं हात लावला आणि मलाही लावायला सांगितला. नळी कोमट होती. पाणी काही तापलेलं नव्हतं. मग त्यानं बटणावरची वायर काढली. पाणी तापलं की ती वायर गाडीच्या लोखंडाला जोडायची, एवढंच त्या बटणाचं काम. बटण बिघडलं असतं तर पंखा आता थांबायला हवा होता. थांबला नाही. "बटन चांगलं हाये," तो म्हणाला, "ही वायरच कुठं तरी बॉडीले लागून राह्यली." वायरीवरून बोटं सरकवत सरकवत तो रेडिएटर धरून ठेवणाऱ्या डाव्या पट्टीपाशी आला. तिथं त्यानं वायर जराशी उचलली. पंखा थांबला. सोडली, सुरू झाला. नट काढून पट्टी बाजूला केली तर खाली वायर चपटी झालेली, वरचं प्लॅस्टिक चिरलेलं, आतलं तांबं चमकतंय. सकाळी गार असेपर्यंत ठीक. दुपारी ऊन तापलं की प्लॅस्टिक मऊ व्हायचं आणि तांबं लोखंडाला टेकायचं.

ती पट्टी मी बसवली होती. मार्चात त्या दिवशी माझ्या दारात तीन गाड्या थांबल्या होत्या. वायर बाजूला सारायला किती वेळ लागतो? तेवढाही मी दिला नव्हता.

देवरावनं पट्टीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि सेठांना हाक मारली. दोनदा पंखा बंद-चालू करून दाखवला. "धोंडबानं गाडी नेली नोती, सेठ. चूक माझी हाये. मी न पाह्यता बोललो." पट्टी कुणी बसवली ते तो बोलला नाही. मीही बोललो नाही. मनाशी म्हटलं, वायर काय, दबते कधी कधी.

सेठांनी स्वतः एकदा वायर उचलून पाहिली. मग खाली मान घालून म्हणाले, "सोमवारी त्याला कामावर ये म्हणावं. मी माणूस पाठवतो."

"मानूस नोको," देवराव म्हणाला. "मीच जातो."

रविवारी आम्ही कुहीची बस धरली. देवरावनं नुसतं विचारलं होतं, "येता का?" आणि मला नाही म्हणता आलं नाही. कुहीहून पुढं कोसभर चाललो. धोंडबा शेताचे धुरे-बांध नीट करायला गेला होता. अंगणात त्याची बायको कांताबाई भेटली. देवरावनं आपण कोण ते सांगितलं आणि हात जोडून सुरुवात केली, तर तिनं थांबवलं.

"घरात काहून सांगता, भाऊ? घरातल्याइले मालूम हाये यायनं गाडी नेली नाही म्हनून. मी विहिरीवर गेली का बाया चूप होते. गावात चर्चा पारावर झाली, त पारावर सांगा."

मला तिचा राग आला. एवढ्या उन्हात आम्ही आलो, माफी मागतो आहोत, आणि ही बाई गावभर दवंडी पिटायला सांगते! देवराव मात्र म्हणाला, "बरोबर बोलली तुम्ही." संध्याकाळी धोंडबा शेतावरून आला, त्याच्याबरोबर आम्ही पारापाशी गेलो. दहा-पंधरा माणसं बसली होती. देवराव खाली उभा राहून बोलायला लागला, पण मागच्यांना ऐकू येईना. "वर चढून सांग गा," कुणीतरी म्हणालं.

त्याच्या बापाच्या वेळी अशा पारावर त्यांच्या माणसानं पाय ठेवलेला खपला नसता. आणि आज हा वर चढणार होता तो आपली चूक सांगायला. चपला खाली काढून तो चढला. गाडी न पाहता बोललो, माझ्या बोलण्यावर धोंडबाची नोकरी गेली, त्यानं गाडी नेली नव्हती, पंखा एका दबलेल्या वायरीमुळं चालत होता, असं सगळं त्यानं सरळ सांगितलं.

एका म्हाताऱ्यानं विचारलं, "मंग वायर दबली कशी?"

"पट्टीखाली दबली."

"पट्टी कोनं बसवली?"

देवरावनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पाहिलं असतं तर मी कदाचित नजर चुकवली असती.

"मी," मी म्हणालो. म्हाताऱ्याला ऐकू गेलं नाही. दिवसभर तोंड वाजवणारा मी, मला एक शब्द दुसऱ्यांदा उच्चारायला घाम फुटला. "मी बसवली. घाई केली मी. ह्यात ना धोंडबाची चूक, ना ह्याची."

पारासमोरच्या आपल्या घराच्या कोपऱ्याशी उभी असलेली कांताबाई डोळ्यांना पदर लावून आत गेली. धोंडबा म्हणाला, "चाला, जेवून जा."

भात, वरण आणि वांग्याची भाजी होती. जेवताना देवरावनं सेठांचा निरोप सांगितला. धोंडबा म्हणाला, "येतो सोमवारी. नोकरी त कराच लागते." देवरावच्या मनावरचं ओझं जरा उतरलं असावं, कारण तो आपणहून बोलायला लागला. त्या गाडीत काय होतं ते धोंडबाला समजावून द्यायला लागला, की दुपारी ऊन तापलं का ते प्लॅस्टिक...

"मालूम हाये," धोंडबा म्हणाला.

"काय मालूम हाये?"

"डाव्या पट्टीखालची वायर. दहा-बारा दिवस झाले करून राह्यली ती. दुपारी सुरू झाला का मी बोनेट उघडून वायर बोटानं वर करू, का बंद. त्या दिवशी पानी प्याले गेलो, तेवढ्यात सेठ आले. तुमच्याकडंच आनाची होती गाडी."

देवरावचा घास हातातच राहिला. "मंग सेठले काहून नाही सांगतलं?"

"सांगाले गेलो ना. सेठ म्हने, देवरावनं सांगतलं, आता तुह्यं काय आयकू?"

"अन मले? दुकानासमोर आला होता तू. मले काहून नाही सांगतलं?"

धोंडबानं वरणाची वाटी देवरावच्या पानाशी सरकवली. "तुम्ही तरी कुठं विचारलं, भाऊ?"

आम्ही दोघा जाणकारांनी अख्खी दुपार भट्टीत बसून जे शोधून काढलं होतं, ते या माणसाला बारा दिवसांपासून माहीत होतं. रोज दहा तास त्या गाडीजवळ असायचा तो. सेठांनी बोनेटला विचारलं, मीटरला विचारलं, देवरावला विचारलं. देवरावनं वायरीला विचारलं.

"माह्या एका बोलन्यानं तुह्यं तोंड बंद झालं गा," देवराव म्हणाला.

"जेवा भाऊ," धोंडबा म्हणाला, "भात थंडा होऊन राह्यला."

देवराव जेवायला लागला. डोळे पुसायला त्यानं उजवा हात वर केला, तर तो वरणानं भरलेला होता, म्हणून त्यानं ते डाव्या बाहीला पुसले.